कोणती मूठ

वेलदोडा उजव्या मुठीत निघाला. चतुराबाईंनी डावी सांगितली होती.

एवढंच झालं. बेगम बाजारात बन्सीलालच्या दुकानाच्या पायरीवर, हळदीच्या आणि सुक्या मिरचीच्या पोत्यांमध्ये उभ्या राहून त्यांनी डावी म्हटलं आणि उजवी निघाली. हातगाडीवाला ‘हटो, हटो’ करत गेला, हमालाच्या पाठीवरचं पोतं त्यांच्या पदराला घासलं, कुणाचं काही अडलं नाही. पण बन्सीलालनं उघडलेला तळहात तसाच पुढे धरून ठेवला, जणू त्यावर वेलदोडा नाही, विंचू बसलाय. हा खेळ त्याच्या बापाच्या वेळचा. सामान बांधून झालं की बापानं दोन मुठी पुढे करायच्या, चतुराबाईंनी एक दाखवायची, निघालेला वेलदोडा तोंडात टाकायचा आणि घरचा रस्ता धरायचा. बाप गेला, मुलगा गादीवर आला, त्याच्या मिशा पिकायला लागल्या, दुकानात फोन आला, काटा विजेवर चालायला लागला. खेळ तेवढा जुना राहिला. आणि त्यात त्या कधी हरल्या नव्हत्या.

“क्या अम्मा,” बन्सीलाल म्हणाला, “मजाक कर रै क्या?”

“नै रे. चूक गई मैं.”

“ऐसा कैसा? परसों तक तो बराबर बोलते थे आप.” मग त्यानं तो वेलदोडा त्यांच्या हातावर ठेवला. “लेओ. आपकाच है.”

त्यांनी तो खाल्ला नाही. न जिंकलेल्या वेलदोड्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात तो ठेवला आणि त्या ऑटोत बसल्या.

ऑटो सुलतान बाजाराच्या दिशेनं हिसके देत निघाला तेव्हा त्यांना कळलं, आपण चुकलो नाही, आपण पाहिलंच नाही. बन्सीलालचा चेहरा जिथं असायला हवा तिथं दुधाची साय पसरल्यासारखं काहीतरी होतं आणि त्या सायीला मिशा होत्या. नाक नव्हतं. आणि सगळा खेळ तर नाकाचा. माणूस मूठ झाकतो, डोळे दुसरीकडे लावतो, ओठ दाबून धरतो, पण नाकाला कोणी काही सांगत नाही. ते बिचारं ज्या मुठीत वस्तू असेल तिकडे जरासं वळतं, जवाएवढं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या शिकल्या त्या पेटीत पडून. नवऱ्याच्या, उमाजीच्या, जादूच्या खेळातली ती पेटी, निळ्या मखमलीची, वर चांदण्या चिकटवलेली. तिच्यात त्यांनी आडवं व्हायचं आणि उमाजीनं करवतीनं त्यांचे दोन तुकडे करायचे. आत गुडघे पोटाशी घेऊन त्या पडलेल्या असायच्या. लाकडाला एक फट होती, त्या फटीतून पहिल्या दोन रांगा दिसायच्या. बाकी काही करायला नसायचं. मग त्या चेहरे बघायच्या. करवत लाकडाला लागली की कोण नवऱ्याचा दंड धरतं, कोण मानेवरून हात फिरवतं, कोण हसताना शेजाऱ्याकडे बघून घेतं. उमाजीला वाटायचं बायको आत घाबरून बसते. बायको आत वाचत बसायची.

उमाजी नांदेडकडचा. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, हैदराबादेत सरकारी छापखान्यात लागला आणि सुटीच्या दिवशी जादूगार झाला. त्याचा जीव वस्तूंवर. दुहेरी तळाच्या ट्रंका, पोकळ काठ्या, कबुतरांची पेटी, आरशाची टेबलं. घरात तांदळाच्या डब्यालासुद्धा दुसरा तळ असायचा, आणि सुरुवातीला चतुराबाई अर्धा डबा संपला म्हणून घाबरायच्या. आणि मग एकदा परभणीच्या एका शाळेत कार्यक्रम होता आणि पूर्णेला गाडी बदलताना सगळं सामान भलत्याच गाडीतून अकोल्याकडे निघून गेलं. पेटी गेली, करवत गेली, कबुतरं गेली. हॉल भरलेला. उमाजी पडद्यामागं डोकं धरून बसला, आणि त्या अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर गेल्या. हातात काही नव्हतं म्हणून हात पाठीमागं बांधून घेतले. म्हणाल्या, माझ्याकडे दाखवायला काही नाही, तुम्ही काय आणलंय ते सांगते. एका गुरुजींना दोन मुठी पुढे करायला लावल्या. मग दुसऱ्यांना. मग एका मुलीला मनात एक फळ धरायला सांगितलं, आणि सगळ्या फळांची नावं घेत गेल्या, आणि सीताफळाला ती मुलगी श्वास घ्यायची विसरली. परतीच्या गाडीत उमाजी स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत बसला. नंतर म्हणाला, “काहीच न घेता आलेल्या माणसाकडं लोक एवढं कसं बघतात गं?” त्याच्या आवाजात हेवा नव्हता. नवल होतं. चतुराबाईंना तो आवाज अजून जसाच्या तसा ऐकू यायचा, आगगाडीच्या खडखडाटासकट.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी ठेवली आणि खुर्चीत बसल्या. खालून बाजाराचा आवाज येत होता, कापडवाल्यांचा, पुस्तकांच्या दुकानासमोरच्या पोरांचा, बसच्या ब्रेकचा. गल्लीत कुठंतरी नवीन केबलची तार ओढणारा माणूस वरच्या माणसाला शिव्या देत होता. त्यांना दिसत नव्हता, पण तो दमलाय आणि वरचा माणूस त्याचा भाऊ आहे हे त्यांना आवाजावरून कळलं, आणि कळलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या विचार करत होत्या तो रविवारचा. रविवारी मराठी मंडळाचं दसऱ्याचं संमेलन होतं. वरच्या मजल्यावर राहायला आलेली पुण्याची अपर्णा मंडळाची चिटणीस झाली होती, आणि तिनं कुठून तरी ऐकलं होतं की काकू पूर्वी स्टेजवर मनं ओळखायच्या. “काकू, प्लीज, वीस मिनिटं!” त्यांनी हो म्हणून टाकलं होतं. बरं वाटलं होतं, खरं सांगायचं तर फार बरं वाटलं होतं. उमाजी गेल्यावर त्या स्टेजवर चढल्या नव्हत्या. आता सगळं मंडळ समोर बसेल, जुनी हैदराबादी मंडळी आणि नवी पुण्या-मुंबईची, आणि सगळ्यांच्या तोंडावर साय असेल. डावी म्हणायचं आणि उजवी निघायची. लोक टाळ्या वाजवतील, म्हातारी माणसं चुकली की लोक वाजवतात तशा. तेच त्यांना नको होतं. हरायची भीती नव्हती इतकी. पण आयुष्यभर आपण जे होतो ते आपल्या नकळत आटून गेलं असेल, आणि ते पहिल्यांदा इतरांना दिसेल, याची होती.

संध्याकाळी रेणू बँकेतून आली. ती त्यांची एकुलती मुलगी. साड्या धुवायला काढताना तिनं हाक मारली, “आई, पदरात इलायची कायकू बांधून ठेवलीस?”

“हरले.”

रेणू दारात येऊन उभी राहिली. “बन्सीलालकडं? तू?”

“उजवीत होती. मी डावी म्हटलं.”

“डोळे आई, डोळे! किती परसोंपासून बोलते, डॉक्टरकडं चल. पिकलाय तो मोतीबिंदू. हौ बोल की एकदा.”

“बघू.”

“बघू काय? बघताच येत नाय ना तुला!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती फसकन हसली, आणि मग चतुराबाईही.

परसों. रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना तो शब्द त्यांच्या हाताशी घोटाळत राहिला. लग्न होऊन या शहरात आल्या तेव्हा शेजारी खैरुन्निसा राहायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “परसों ही तो हमारी शादी हुई,” आणि चतुराबाई तिच्या हातावरची मेंदी शोधायला लागल्या. तेवढ्यात आतून मिसरूड फुटलेला पोरगा येऊन ‘अम्मी, भूक लगी’ म्हणाला. त्या घाबऱ्याघुबऱ्या घरी आल्या. उमाजी पोट धरून हसला. “अगं, हैदराबादी परसों म्हणजे काल सोडून मागचं सगळं! निजाम गेला तो परसों, आणि मी चहा प्यायलो तोही परसोंच.” मग हळूहळू त्यांना कळायला लागलं की सगळे परसों एका वजनाचे नसतात. चहाचा परसों तोंडातून टपकन पडतो. लग्नाच्या परसोंला ‘प’वर जरा टेकून उभं राहावं लागतं. आणि काही परसों असे की माणूस ते बोलायच्या आधी आवंढा गिळतो आणि शेवटचं ‘सों’ नाकातून हळूच आत ओढून घेतो, जणू बाहेर जाऊ द्यायचं नाही. पुण्याच्या मंडळींना हे ऐकू येत नाही. त्यांची चूक नाही. त्यांचा परवा हा खरोखरचा परवा असतो.

दुसऱ्या दिवशी हर्षद खाली आला. अपर्णाचा नवरा, काँप्युटरच्या कंपनीत, कमरेला पेजर, तोंडावर कायम नुकतं जेवण झाल्यासारखं समाधान. रेणूनं त्याला सगळं सांगितलं होतं हे त्याच्या चप्पल काढण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं. त्यानं खिशातून डबी काढली आणि डबीतून वालाच्या दाण्याएवढं काहीतरी.

“काकू, हे कानात घालायचं. मित्रानं सिंगापूरहून आणलंय. मी मागे बसणार, माझ्या कॉलरमध्ये माइक. कोणाची मूठ, कोणाचा चेहरा, जे दिसेल ते मी तुम्हाला सांगणार. कुणाला पत्ता लागायचा नाही.”

“म्हणजे मन तू ओळखणार आणि तोंड माझं.”

“असंच काहीसं,” हर्षद हसला. “आउटसोर्सिंग म्हणा.”

“ते काय असतं?”

“आमचं पोट असतं काकू ते.”

त्यांनी तो दाणा कानात घातला. हर्षद जिन्यावर गेला. आधी खरखर झाली, मग एका माणसाचा आवाज आला, आणि चतुराबाई लक्षपूर्वक ऐकत राहिल्या. हर्षद परत आला तेव्हा म्हणाल्या, “हर्षद, तू कुणाच्या लग्नात बिर्याणी देतोयस?”

“काय?”

“पाच देगचे उनकू नक्को बोलो, म्हणतोयस मघापासून.”

समोरच्या इमारतीतला कॉर्डलेस फोन होता तो. हर्षदनं कपाळावर हात मारला, कसलीशी कळ फिरवली, आणि मग त्याचा आवाज आला, थेट डोक्याच्या आत, ‘काकू, ऐकू येतंय?’ त्या दचकल्या. आणि त्यांना आवडलंही. नाही कशाला म्हणा? उमाजीनं तर आनंदानं उडीच मारली असती, आणि संध्याकाळपर्यंत चिमट्यानं उघडून त्याचे तुकडे केले असते. एवढ्याशा दाण्यात एक अख्खा माणूस मावतो! त्यांना वाटलं, काय हरकत आहे. डोळ्याला चष्मा लागतो तसं हे. रेणूचा जीवही भांड्यात पडला. फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दिवसभर त्यांनी पाठीमागं हात बांधलेच नव्हते. हात नुसते मांडीवर पडून होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

हात बांधायची सवयही त्या परभणीपासूनची. हातचलाखी नाही हे लोकांना दिसावं म्हणून, असं उमाजी सांगायचा. खरं कारण वेगळं होतं. मनगट धरलं की मनातलं डोळ्यांपेक्षा लवकर कळतं हे त्यांना ठाऊक होतं. माणूस ज्या दिशेला जायचं मनात आणतो तिकडे त्याचा हात जरा सैल पडतो, दुसरीकडे नेला की जरा ओढून धरतो. लहानपणी रेणूनं गूळ कुठं लपवला ते त्या तिचं मनगट धरूनच शोधायच्या, आणि रेणू किंचाळत सुटायची. पण भर सभेत परक्या पुरुषाचं मनगट कसं धरणार? कुणी नको म्हटलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बायका म्हणाल्या असत्या. म्हणून मग डोळे. पुढे उमाजीची वाचा गेली तेव्हा मात्र ते मनगट त्यांनी दिवसरात्र धरलं. पाणी हवंय, खिडकी उघडायचीय, कूस बदलायचीय. डॉक्टर म्हणायचे, यांना काही कळत नाही. चतुराबाई खोलीतली एकेक वस्तू बघत त्याचा हात तिकडे न्यायच्या, आणि हात सांगायचा. एकदा तर सगळी खोली संपली तरी हात नाहीच म्हणत राहिला, मग त्यांनी वर बघितलं. माळ्यावरची, अकोल्याहून परत आलेली कबुतरांची पेटी हवी होती त्याला. ती रिकामी पेटी त्यांनी खाली काढली, पुसली, त्याच्या उशाशी ठेवली. तो हसला. अर्धंच तोंड हसलं, पण सगळंच्या सगळं.

रविवारी दुपारी हॉल भरला. त्यांना रंग दिसत होते, माणसं नव्हती. पंख्याखालच्या बाजूला पांढरे, करडे, मळकट गुलाबी. ती जुनी मंडळी, त्यांच्या खोकल्यांवरूनही ओळखू येणारी. पुढं रेशमी हिरवे-जांभळे आणि त्यांच्यात फिरणारा एक लाल ठिपका, तो व्हिडिओ कॅमेऱ्याचा. कानात हर्षद म्हणत होता, ‘काकू, ऑल ओके.’ अपर्णानं माइकवर त्यांची ओळख करून दिली, त्यात ‘लुप्त होत चाललेली कला’ असं काहीतरी आलं, आणि चतुराबाईंना वाटलं, माळ्यावरून आपल्यालाच कोणी पुसून खाली काढतंय.

मुठीचा खेळ झाला. अपर्णाची मैत्रीण सुजाता पुढे आली, हर्षद म्हणाला ‘काकू, डावी, अंगठी डाव्या मुठीत घेताना दिसली,’ त्या म्हणाल्या डावी, आणि डावी निघाली. टाळ्या. पुन्हा एकदा, पुन्हा टाळ्या. जिंकत होत्या, आणि तोंडात वेलदोड्याची चव येत नव्हती. मग त्या म्हणाल्या, “आता एकानं यायचं. ज्याला कुणाची आठवण काढायची असेल त्यानं.”

“मी येतो की,” पंख्याखालून आवाज आला. हिम्मतराव. रस्ते खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे बिदरकडचे, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात चहाला नावं ठेवणारे. कुणीतरी म्हणालं, “हिम्मतराव, बायकोची आठवण नका काढू, ती इथंच बसलीय!” आणि हिम्मतराव म्हणाले, “तिला इसरायला तर आलो नं बाबा इथं!” हॉल हसला. ते वर आले. नेप्थलीनच्या गोळ्यांचा वास असलेला बंद गळ्याचा कोट.

“एक माणूस मनात धरा,” चतुराबाई म्हणाल्या. “नाव सांगू नका. धरलं?”

“हौ.”

“शेवटचं कधी भेटलात?”

“परसोंच भेटलो की,” हिम्मतराव म्हणाले.

पुढच्या रांगा हसल्या. कानात हर्षद लगेच बोलायला लागला, त्याचा आवाज उत्साहानं चिरकत होता, ‘काकू, मस्त, परवाच भेटलेत! म्हणजे जवळचंच कोणीतरी. यांचा मुलगा अमेरिकेहून आलाय या आठवड्यात, मला माहितीय. नुकतीच भेट झालीय, सातासमुद्रापलीकडून कोणीतरी आलंय, असं म्हणा. हॉल डोक्यावर घेतील.’

पण चतुराबाईंनी तो परसों ऐकला होता. त्याच्या आधीचा आवंढा ऐकला होता, आणि ‘सों’ आत ओढलेला. त्या परसोंला मुलगा नव्हता, विमान नव्हतं. तो फार लांबून चालत आला होता आणि धाप लागू नये म्हणून हसत आला होता. आणि एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं की आपण समोर बघतच नाही आहोत, केव्हापासून बघत नाही आहोत, आणि तरी हिम्मतराव आपल्याला दिसताहेत, लख्ख, पेटीच्या फटीतून माणसं दिसायची तसे. ‘काकू, बोला ना,’ कान म्हणाला. एका कानात दोन माणसं मावेनात. त्यांनी तो दाणा काढला, पदराच्या गाठीत ठेवला, आणि डोळे मिटून घेतले. आता तिसऱ्या खुर्चीवरचा कुणाचा तरी नातू चॉकलेटचा कागद सोडतोय तेही ऐकू यायला लागलं.

“हिम्मतराव, मनगट द्या.”

त्यांनी दिलं. पहिल्या रांगेत कुणी काही म्हणालं नाही. कोण म्हणणार? त्या आता सगळ्यांच्या आजी होत्या. एवढं साधं होतं आणि इतकी वर्षं सुचलं नव्हतं: म्हातारपणानं त्यांचे हात मोकळे केले होते. मनगट जाड होतं, घड्याळाच्या पट्ट्याखाली घामेजलेलं.

“ते माणूस आज इथं आलं असतं तर कुठं बसलं असतं? बोलू नका. जागा फक्त मनात ठरवा.”

हिम्मतरावांचा श्वास थांबला आणि चालू झाला. चतुराबाई त्यांना घेऊन तीन पायऱ्या उतरल्या. पुढच्या रांगांकडे वळल्या. हातानं जराशी ओढ घेतली. नाही, तिथं नाही. बायकांच्या बाजूला, नाही. पंख्याखाली, त्यांच्या बायकोशेजारची रिकामी खुर्ची. हात थबकला, पण नाही. हॉलमध्ये आता कोणी खोकत नव्हतं. मागच्या भिंतीपर्यंत जाऊन त्या परत फिरल्या, आणि परत फिरताना हात हलका झाला, इतका हलका की कोण कुणाला नेतंय ते कळेना. खुर्च्या संपल्या. स्टेजची कड त्यांच्या पोटाला लागली. त्यांनी वळून पायऱ्यांकडे जायला पाहिलं, तर मनगट हलायला तयार नाही. इथंच. पण इथं खुर्ची नाही. इथं कोण बसतं? त्यांनी मोकळ्या हातानं स्टेजची लाकडी कड चाचपली. आणि मग त्यांना कळलं की कार्यक्रमात इथं कोण बसतं.

“लहान होती,” चतुराबाई हळू म्हणाल्या. होती की होता हे त्यांनी त्या क्षणी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं, आणि हिम्मतरावांच्या हातानं ते ‘होती’ धरून ठेवलं. “इथं बसली असती. पाय खाली सोडून, हलवत.”

हिम्मतराव बोलले ते माइकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “चप्पल पाडायची. पाय हलवून हलवून. मग मलाच उचलाया लावायची.” थोड्या वेळानं म्हणाले, “माझी बहीण. बिदरला असताना. तापानं गेली. परसों.”

या वेळी कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या रेशमी मंडळींनाही तो परसों किती जुना आहे ते ऐकू आलं. हिम्मतरावांनी हात सोडवून घेतला नाही. उलट दुसऱ्या हातानं स्टेजच्या कडेवरची धूळ पुसली, एका लहानशा बुडाला पुरेल एवढीच. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, “चहा मात्र आज बरा करा रे,” आणि पंख्याखाली जाऊन बसले. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे न बघता आपला रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला. टाळ्या उशिरा आल्या.

हर्षद हॉलच्या जिन्यात भेटला. “काकू, मी तुम्हाला खड्ड्यात घातलं असतं आज.”

“तू तुझं परवाच ऐकलंस. बरोबर ऐकलंस.” त्यांनी गाठ सोडून दाणा त्याच्या हातावर ठेवला. “छान आहे रे हे. उमाजीला दाखवायला हवं होतं.”

“ते कधी गेले काकू?”

“परसों,” त्या म्हणाल्या. हर्षद हसायला गेला, थांबला, आणि त्यानं मान हलवली. शिकेल, त्यांना वाटलं. राहिला या गावात तर कानाला वळण पडेल.

रेणूनं ऑटोत पुन्हा डॉक्टरचं काढलं आणि चतुराबाई हौ म्हणाल्या. दिवाळीनंतर. घाई नव्हती. माणसांची नाकं बघायला मिळतील, बरंच आहे. पण आता ते नाही मिळालं तरी चालणार होतं, आणि एवढी एक गोष्ट मोकळी झाल्याबरोबर सगळं अंग सैल झाल्यासारखं त्यांना वाटलं. आबिड्सवरून येणारा वारा तोंडावर घेत त्या बसल्या. नव्या जाहिरातींचे मोठमोठे रंग दोन्ही बाजूंनी सरकत होते, वाचता येत नव्हते, छान दिसत होते.

दिवाळीच्या सामानासाठी त्या बेगम बाजारात गेल्या तेव्हा बन्सीलालनं त्यांना लांबूनच हाक मारली. सामान पिशवीत भरून झालं, फक्त सुंठीची पुडी राहिली होती. त्यानं गल्ल्याखाली हात नेले आणि दोन मुठी पुढे केल्या.

“बोलो अम्मा.”

त्यांनी डोळे मिटले. “तूच बोल काही.”

“मैं क्या बोलूँ? आपकाच खेल है.”

आवाज ऐकून त्यांनी मान जराशी तिरकी केली. इतकी वर्षं बन्सीलालच्या आवाजात एक बारीकशी धाकधूक असायची, त्याच्या बापाच्याही असायची. आज तरी म्हातारीला हरवू, अशी. ती नव्हती. आवाज अगदी निवांत होता, जावयाला वाढणाऱ्या सासूसारखा मऊ. त्यांनी हात पुढे करून त्याच्या दोन्ही मुठींच्या पाठीवर बोटं टेकवली. रिकामी मूठ नुसती मिटलेली असते, आत राखण्यासारखं काही नसतं. या दोन्ही मुठी आत काहीतरी राखत होत्या. दोन्ही सारख्याच.

चतुराबाईंना हसू आलं, आणि त्यांनी ते ओठांच्या आत ठेवलं. हिम्मतरावांच्या मनगटापेक्षाही हे सोपं होतं. काय ते सांगून टाकावं असं जिभेवर आलं. सांगितलं असतं तर बन्सीलालनं आख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं असतं. पण मग त्या दुसऱ्या वेलदोड्याचं काय झालं असतं, जो त्यानं कुणाला न कळता गल्ल्याखाली उचलला होता?

“डावी,” त्या म्हणाल्या.

डावी उघडली. “वाह अम्मा! बोला था ना मैं!” बन्सीलाल इतका खूश झाला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. चतुराबाईंनी वेलदोडा तोंडात टाकला, दाढेखाली धरला. ती चव आली.

बन्सीलालनं एका हातानं सुंठ काट्यावर टाकली. एकाच हातानं कागद ओढला. सुंठ कागदावर आली, आणि मग तो अडला. पुडी बांधायला दोन हात लागतात. त्याची उजवी मूठ गल्ल्याच्या कडेवर तशीच गच्च मिटलेली होती, आणि चतुराबाई समोरून हलत नव्हत्या. दोऱ्याचं रीळ वर टांगलेलं, त्याचं टोक वाऱ्यानं हलत होतं. बन्सीलालनं टोकाकडे बघितलं, मुठीकडे बघितलं, आणि खाकरला.

चतुराबाईंनी त्याला तसंच थोडं राहू दिलं. मग पिशवीचं तोंड उघडून त्यांनी पुढे धरलं.

“दोरा नक्को रे,” त्या म्हणाल्या. “ऐसीच डाल दे.”